चारशे दिवसांचं घड्याळ: जुन्या बाजारातून आणून पुन्हा चालतं करताना

काचेच्या घुमटाखालचं पितळी घड्याळ जुन्या बाजारात दिसलं की विकणारा दोनपैकी एक गोष्ट सांगतो. "चालू आहे, फक्त चावी हरवलीय", नाहीतर "दीडशे वर्षं जुना इंग्लिश पीस आहे". दोन्ही बहुतेक वेळा खरं नसतं. तरीही ते घड्याळ घेण्यासारखं असू शकतं, कारण या जातीतली बंद पडलेली बरीचशी घड्याळं फार बिघडलेली नसतात. केसाइतकी बारीक एक धातूची पट्टी तुटलेली किंवा मुरडलेली असते, एवढंच. पट्टी नवी घातली आणि घड्याळ नीट समतोलात बसवलं की काम झालं. घड्याळजीकडे नेलं तर "हे आपल्याकडे होत नाही" असं ऐकायला मिळतं, कारण नेहमीच्या भिंतीवरच्या घड्याळाची रीत इथे चालत नाही. म्हणून हे स्वतः शिकून घेतलेलं बरं.

आधी ओळख पटवा

या घड्याळाला चारशे दिवसांचं घड्याळ म्हणतात, किंवा 'अ‍ॅनिव्हर्सरी क्लॉक', कारण एकदा चावी दिली की ते वर्षभर चालतं. लग्नाच्या वाढदिवसाला भेट द्यायची आणि दर वाढदिवसाला चावी द्यायची, अशी ती कल्पना. याचा लंबक झुलत नाही. पातळ उभ्या पट्टीला टांगलेली गोळ्यांची चकती स्वतःभोवतीच वळते, थांबते आणि उलटी वळते. नेहमीच्या आकाराच्या घड्याळात मिनिटाला साधारण ८ ठोके पडतात. सेकंदाचा लंबक असलेल्या उंच घड्याळात ते ६० पडतात. ठोके इतके कमी म्हणून चाकं अगदी हळू सरकतात आणि एका चावीत वर्ष निघतं. पण त्याची किंमतही मोजावी लागते. शेवटच्या चाकापर्यंत पोचणारी ताकद फार थोडी असते, त्यामुळे थोडीशी धूळ किंवा जरासा कललेला टेबलसुद्धा घड्याळ बंद पाडायला पुरतो. पुढची सगळी कामं या एका गोष्टीभोवती फिरतात.

पिळाच्या लंबकाचं पेटंट अमेरिकेत अ‍ॅरन क्रेन याने १८४१ मध्ये घेतलं होतं. पण आपल्याला दिसतो तो प्रकार जर्मनीत १८८० च्या सुमारास अँटन हार्डरमुळे आला आणि ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या कारखान्यांनी तो वाढवला. ट्रिबर्ग गावची शात्झ आणि सांक्ट गेओर्गेनची कीनिंगर उंड ओबरगफेल, म्हणजेच 'कुंडो', ही दोन नावं सर्वात जास्त दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही घड्याळं घरी पाठवली, मागणी वाढली आणि १९५० च्या दशकात ती ढिगाने बनली. म्हणून आज सापडणारं घड्याळ बहुधा त्या काळातलंच असतं. दुर्मीळ म्हणून कोणी अवाच्या सवा भाव सांगितला तर हसून पुढे चला. लंबक चार गोळ्यांऐवजी एकसंध जाड चकतीचा असेल, तर मात्र थांबा. तो जुना नमुना आहे, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा असण्याची बरीच शक्यता.

मागच्या प्लेटवरचे आकडेही नीट वाचा. शात्झच्या प्लेटवर '४९' दिसला की विकणारा ते बनवल्याचं साल म्हणून सांगतो. तो मॉडेलचा आकडा आहे. आणि प्लेटवर 'झिरो ज्युएल्स, अनअ‍ॅडजस्टेड' असं इंग्रजीत कोरलेलं असलं, तर ते घड्याळ अमेरिकेत विकण्यासाठी बनलं होतं, कारण तिथल्या आयात-नियमांसाठी हा शिक्का मारत. मुंबईच्या दुकानात असं घड्याळ मिळालं, तर कोणाच्या तरी काकांनी अमेरिकेहून आणलेलं असणार, एवढा अंदाज बांधायला हरकत नाही.

फसगत मात्र दुसरीकडेच होते. हुबेहूब असंच दिसणारी, सेलवर चालणारी क्वार्ट्‌झ घड्याळं पुढे लाखोंनी आली. त्यांचे गोळे फक्त शोभेसाठी फिरतात. घड्याळ वळवून मागून बघा. तबकडीमागे काळा प्लॅस्टिकचा डबा दिसला तर ते क्वार्ट्‌झ. दोन पितळी प्लेटा, मध्ये चाकं, खाली स्प्रिंगचा गोल पितळी डबा आणि चावीचं चौकोनी टोक दिसलं तर ते आपलं. अ‍ॅटमॉस नावाचं महागडं स्विस घड्याळही पिळाच्या लंबकावर चालतं, पण त्याला चावी लागत नाही. हवेतल्या तापमानाच्या चढउतारावर ते स्वतःच स्प्रिंग भरून घेतं. ते स्वस्तात मिळालं तरी पहिलं काम म्हणून अंगावर घेऊ नका.

शोधायचं कुठे

मुंबईत चोर बाजारातला मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, आणि घड्याळांच्या दुकानापेक्षा काचसामान, दिवे, पितळी भांडी विकणाऱ्यांकडे आधी डोकवा. घड्याळवाल्याला भाव माहीत असतो, भांडीवाल्याला जागा अडवणारा तो काचेचा घुमट नकोसा झालेला असतो. जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींचं काम याहून सोपं आहे. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारांत आणि धर्मादाय दुकानांत ही घड्याळं अजून नियमित येतात. पण सगळ्यात चांगली जागा म्हणजे नातेवाइकांच्या घरातलं शोकेस. "मावशी, ते काचेतलं घड्याळ कधी बंद पडलं?" एवढं विचारून बघा.

घेण्याआधी काय बघायचं

पहिली नजर काचेच्या घुमटावर. तो फुटका किंवा गायब असेल तर भाव निम्म्याहून खाली यायला हवा, कारण योग्य मापाचा घुमट मिळणं हेच पुढे सगळ्यात कटकटीचं ठरतं. घुमट नुसता शोभेला नसतो. तो नसला तर पंख्याच्या वाऱ्याने लंबक बिचकतो आणि धूळ थेट चाकांत जाते.

मग लंबक. चारही गोळे, त्यांना आत-बाहेर करणारी मधली चकती आणि वरचा हुक हे सगळं आहे ना, ते बघा. लंबक हरवला असेल तर सोडून द्या. त्याच वजनाचा दुसरा मिळवणं नवख्याचं काम नव्हे. पट्टी तुटलेली असली तर चिंता नको, उलट भाव पाडायला तेच कारण सांगा. तुकडे पडले असतील तर तेही मागून घ्या, पुढे मापाला लागतात. वरच्या नि खालच्या टोकाला पट्टी पकडणारे दोन पितळी ठोकळे आणि पट्टीवरच बसणारा दोन पायांचा छोटा फोर्क मात्र हवेतच.

चाकांचे दात वाकडे किंवा तुटके दिसले तर घड्याळ ठेवून द्या. पितळ काळवंडलेलं असेल तर हरकत नाही. तबकडीवर डाग असतील तर ते तसेच राहणार असं धरूनच भाव करा. आकडे छापलेल्या तबकड्या पुसायला गेलं की आकडेच निघून येतात.

"चावी जास्त बसली म्हणून अडकलंय" हे वाक्य हमखास ऐकू येईल. स्प्रिंग पूर्ण भरली म्हणून घड्याळ बंद पडत नाही. ते दुसऱ्या कारणाने बंद पडलेलं असतं आणि मालकाने वैतागून चावी फिरवत ठेवलेली असते. याचा अर्थ एवढाच की आत पूर्ण ताकद भरलेली आहे, तेव्हा जपून.

घरी आणताना

लंबक टांगलेला ठेवून घड्याळ उचलायचं नाही. बहुतेक पट्ट्या अशाच तुटतात, दुकानातून घरी येताना. बैठकीखाली किंवा मागे लंबक अडकवायची कळ असते. ती लावा, आणि शक्य असेल तर लंबक हुकातून काढून वेगळा गुंडाळा. घुमट वेगळ्या डब्यात. रिक्षात घड्याळ मांडीवर सरळ धरा.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी

लंबक आणि पट्टी काढलेली असताना एक सोपी परीक्षा करता येते. तबकडीमागे वरच्या बाजूला अँकर, म्हणजे वरच्या चाकाला एकेक दात अडवून सोडणारा तुकडा दिसेल, आणि त्यातून वर निघालेली बारीक पिन. चावी थोडी दिलेली असू द्या. मग ती पिन काडीने हलकेच डावीकडे, उजवीकडे ढकला. प्रत्येक ढकलण्याला वरचं चाक एक दात पुढे पटकन उडी मारतं का? मारत असेल तर चाकांचा मार्ग मोकळा आहे आणि बहुधा फक्त पट्टीचं काम आहे. चाक रेंगाळत, दमल्यासारखं पुढे जात असेल किंवा मध्येच थांबत असेल, तर आत सुकलेलं तेल आहे. मग आधी सफाई.

चावी देताना ती घट्ट धरा आणि हळू फिरवा. चावी उलटी फिरू न देणारा खटका झिजलेला असला तर ती गरगर मागे फिरते आणि बोटं सोलून निघतात.

सफाई, लागली तरच

इथे थोडक्यात सांगतो, कारण पहिल्याच घड्याळात पूर्ण खोलणं टाळता आलं तर टाळावं. खोलायचंच असेल तर आधी स्प्रिंगमधली सगळी ताकद उतरवा. चावी बसवून किंचित पुढे फिरवायची, खटका बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलून धरायचा आणि चावी मुठीत अर्धा-अर्धा फेरा मागे सोडायची. खटका पुन्हा बसवायचा, मूठ बदलायची, पुन्हा तेच. जाड हातमोजे घाला. ताकद शिल्लक असताना अँकर काढला तर सगळी चाकं सुसाट पळतात आणि दात जातात. हे जमेल असं वाटत नसेल तर एवढंच काम घड्याळजीकडून करून घ्या. स्प्रिंगचा डबा उघडायचा नाही, तो तर कोणत्याच परिस्थितीत नाही.

प्लेटा आणि चाकं पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुवा, बाल्कनीत, गॅसपासून लांब. प्लेटांमधली भोकं दातकोरण्याच्या टोकाने पुसा. काडी काळी होणं थांबेपर्यंत नवीन काडी घेत राहा. मग चाकांच्या आसांच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा अगदी बारीक थेंब. चाकांच्या दातांना तेल लावायचं नाही. शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे आणि आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं खोबरेल यांपैकी काहीही घालू नका. खोबरेल तर थंडीत थिजतं. अशा घड्याळात तेवढा अडथळा पुरेसा आहे.

पितळ चमकवण्याचा मोह आवरा. या घड्याळांवर पारदर्शक लाखेचा थर असतो. पॉलिशने तो ठिकठिकाणी निघतो आणि पावसाळ्यात तिथेच डाग पडतात. मऊ कापडाने पुसा, बस्स.

पट्टी बदलणं

आता मुख्य काम. पट्टीची जाडी हीच तुमच्या घड्याळाची गती ठरवते. शात्झच्या ४९ मॉडेलला ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी लागते. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे इंचाच्या दहाहजाराव्या भागाचा फरकही तासाला काही मिनिटं पुढे-मागे करतो. साधं व्हर्निअर इथे कामाचं नाही. मायक्रोमीटर हवा, नाहीतर मॉडेल बघून तयार जाडीची पट्टी मागवा. परदेशातले घड्याळसामानाचे दुकानदार 'होरोलोव्हर' नावाच्या पट्ट्या जाडीच्या आकड्यानुसार विकतात. अमेरिकेतल्या चार्ल्स टेरविलिगर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या आणल्या. तापमान बदललं तरी त्यांचा कडकपणा फारसा बदलत नाही. जुन्या पोलादी आणि ब्राँझच्या पट्ट्यांची घड्याळं उन्हाळ्यात मागे पडत. विदर्भातल्या मे महिन्याचा विचार करा, म्हणजे जुनी पट्टी शाबूत असली तरी नवी का घालावी ते कळेल. याच कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात वेगवेगळ्या घड्याळांच्या मागच्या प्लेटांची चित्रं आहेत. आपल्या प्लेटशी जुळणारं चित्र शोधलं की जाडी मिळते.

जुना संच सोडवून पांढऱ्या कागदावर आडवा ठेवा आणि पेन्सिलने त्याच्याभोवती रेघ मारा. वरचा ठोकळा, फोर्क आणि खालचा ठोकळा यांची जागा खुणेने नोंदवा. तुटलेली पट्टी असेल तर तुकडे टोकाला टोक लावून ठेवा. हा कागद जपा, फोर्कच्या जागेचा हाच पुरावा.

नवी पट्टी खुणेच्या मापाने कापा. ठोकळ्यांचे स्क्रू इतके बारीक असतात की जमिनीवर पडले की गेले. ताटात काम करा, खाली पांढरा रुमाल अंथरा. पट्टीला घामाची बोटं लावू नका, चिमट्याने धरा. ठोकळे पट्टीवर कसताना दोन्ही एकाच पातळीत हवेत. संच टेबलावर ठेवल्यावर सपाट बसला पाहिजे. एक ठोकळा तिरका कसला तर पट्टी जन्मजात पिळलेली राहते. पट्टीला कुठेही मुरड पडली तर ती सरळ करायच्या भानगडीत पडू नका, दुसरी घ्या.

फोर्क वरच्या ठोकळ्याच्या जवळ, कागदावरच्या खुणेवर. त्याच्या दोन पायांमध्ये अँकरची पिन येते. पिनेच्या दोन्ही बाजूंना मिळून जाड कागदाएवढी फट हवी. फट नसली तर पिन अडकून घड्याळ थांबतं. फार सैल झाली किंवा फोर्क फार खाली बसला तर वेगळाच तमाशा होतो. ठोके एकेक न पडता चाक फडफडत पळत सुटतं आणि घड्याळ तासाभरात कितीतरी पुढे जातं. असं झालं की फोर्क किंचित वर सरकवा. फार वर नेला तर लंबक फिरूनही पिन पुरेशी हलत नाही, मग ठोकाच पडत नाही.

संच वरच्या टेकणीत, म्हणजे पट्टीचा वरचा ठोकळा धरून ठेवणाऱ्या भागात, अडकवा आणि लंबक टांगा. लंबकाचा तळ बैठकीला न टेकता किंचित वर तरंगला पाहिजे.

ठोका जुळवणं

नवखी मंडळी इथे धीर सोडतात, आणि घड्याळ पुन्हा शोकेसमध्ये जातं. आधी बैठक समपातळीत आणा. बैठकीला पाण्याची लेव्हल लावा किंवा पायांचे स्क्रू फिरवून लंबक खालच्या खुणेच्या किंवा कपाच्या बरोबर मध्यावर आणा. ही पायरी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बैठकीवर लंबकाखाली कागदाची गोल पट्टी ठेवा, कडेला पेन्सिलच्या रेघा. एका गोळ्यावर स्केचपेनचा ठिपका. आता लंबक पाऊण फेरा वळवून सोडा आणि दहा मिनिटं थांबा. मग बघा: लंबक एका दिशेने जातोय, ठोका पडतो, वरचं चाक एक दात सरकतं आणि त्यानंतरही लंबक थोडा पुढे जाऊन मग वळतो. ठोक्यानंतरचं हे जास्तीचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे. डोळ्यांनी टिपता येत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि थांबवत थांबवत पाहा.

समजा उजवीकडे जास्तीचं अंतर तळहाताएवढं आहे आणि डावीकडे बोटभर. मग वरच्या टेकणीचा स्क्रू अर्धवट सैल करा आणि टेकणी डावीकडे, म्हणजे लंबक ज्या दिशेने जाताना अंतर कमी पडतं त्याच दिशेला, वळवा. वळवा म्हणजे दिसेल न दिसेल इतकीच. फोर्क पट्टीच्या वरच्या टोकाशी असतो, त्यामुळे वरचा केसभर बदल खाली मोठा होऊन दिसतो. स्क्रू कसा, लंबक शांत होऊ द्या आणि पुन्हा मोजा. एका बैठकीत दोनदा-तीनदा करून जमलं नाही तर उद्या करा. चिडून केलेला बदल नेहमी जास्तच होतो.

अँकरच्या आसाशी मागच्या प्लेटवर काही घड्याळांत एक गोल, खाच असलेली पितळी चकती असते. ती फिरवली की अँकरची जागाच बदलते. तिला हात लावू नका.

वेळ आणि जागा

गोळ्यांमधली चकती फिरवली की गोळे आत-बाहेर होतात. आत आले की घड्याळ जलद, बाहेर गेले की मंद. चकतीवर बाणासोबत अधिक-उणे किंवा इंग्रजी 'एफ' आणि 'एस' असतं. एका वेळी थोडंच फिरवा आणि दिवसभर वाट बघा. चकती टोकाला जाऊनही घड्याळ पुढेच पळत असेल तर पट्टी जाड आहे, एक आकडा पातळ मागवा. मागेच पडत असेल तर उलट. या घड्याळाकडून क्वार्ट्‌झसारख्या वेळेची अपेक्षा ठेवू नका. महिन्याला पाच-दहा मिनिटांच्या फरकावर मी तरी समाधान मानतो.

जागा निवडताना लाकडी कपाट टाळा. दार उघडलं-मिटलं की ते हलतं. फ्रिजवर तर नकोच. भिंतीत पक्का बसवलेला कडाप्पा किंवा कोनाडा उत्तम, उन्हाची तिरीप येत नसेल तर. एकदा बसवलं की झाडलोट करताना त्याला उचलायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आणि कामाच्या मावशींना आधीच सांगून ठेवा.

शेवटी एका चिठ्ठीवर पट्टीची जाडी, ती घातल्याची तारीख आणि चावी दिल्याचा दिवस लिहून बैठकीच्या तळाशी चिकटवा. फोर्कच्या खुणा केलेला कागदही पाकिटात घालून तिथेच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी बदलणाऱ्याला पुन्हा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.